भिंतीवरची बंदूक

पन्नाशी उलटल्यावर मनुष्याला जे छंद लागतात ते बहुधा निरुपद्रवी असतात. कोणी गुलाबाची कलमे बांधतो, कोणी पहाटे उठून समुद्रकाठी फिरावयास जातो, कोणी ज्ञानेश्वरी उघडून बसतो, आणि ज्याला यांपैकी काहीच साधत नाही तो आत्मचरित्र लिहावयास घेतो. आमच्या कपाळी मात्र काही निराळेच लिहिले होते. ज्या हाताने तीस वर्षांत खडूपेक्षा जड शस्त्र कधी उचलले नाही, त्या हाताला एकाएकी बंदुकीची ओढ लागली. आणि तीही नव्या कोऱ्या बंदुकीची नव्हे, तर जुन्या, दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्याला सरावलेल्या बंदुकीची. डहाणू रोडसारख्या गावी सभ्य माणसाने चिकूच्या भावाविषयी बोलावे, २०१३ पासून येथवर येऊ लागलेल्या लोकलच्या वेळांविषयी बोलावे, फार तर पावसाविषयी तक्रार करावी. तेथे इंग्रजीच्या एका प्राध्यापकाने बंदुकीची चौकशी करीत हिंडावे, हे मित्रमंडळींना चमत्कारिक वाटले यात नवल नाही. शेवटी आम्ही ती बंदूक घेतली नाही. का घेतली नाही, याचे एक कारण आम्ही सर्वांना सांगतो. दुसरे कारण आजवर कोणाला सांगितले नाही. ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

या वेडाचे मूळ दिल्लीत आहे. काही वर्षांपूर्वी सुटीत आम्ही तेथे पुतण्याकडे गेलो होतो. त्याला नेमबाजीचा नाद आहे. एके सकाळी तो आम्हांला तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंह नेमबाजी केंद्रावर घेऊन गेला. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी उभारलेले हे विस्तीर्ण स्थान आहे. तेथे आम्ही प्रथमच उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी पाहिली. नेमबाजांसाठी एका रांगेत पाच जागा आखलेल्या असतात. त्यांच्यापुढे पंधरा मीटरांवर जमिनीत एक खंदक असतो आणि त्यात तबकड्या फेकणारी यंत्रे लपविलेली असतात. नेमबाज बंदूक खांद्याला लावून हाक देतो, आणि त्या क्षणी खंदकातून एक तबकडी ताशी शंभर किलोमीटरांच्या आसपासच्या वेगाने समोर झेपावते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल की सरळ जाईल, हे त्याला आधी ठाऊक नसते. पंचवीस तबकड्यांची एक फेरी होते. रीतसर परवानगी काढून आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आम्हीही एक फेरी झाडली. पंचवीसांपैकी तीन फुटल्या; त्यांतली एक यंत्रातून निघतानाच तडकलेली असावी, असा पुतण्याचा आजही दावा आहे.

परंतु उरलेल्या दोन आमच्याच होत्या. तबकडी नेमकी सापडली की तिचे तुकडे होत नाहीत. ती आकाशात एकदम काजळाच्या डागासारखी विरून जाते. तो डाग पाहून आमच्या मनाला जे समाधान झाले, त्याचे कारण आमच्या धंद्यात असावे. तीस वर्षे शेक्सपिअर शिकवूनही एखाद्या विद्यार्थ्याच्या डोक्यात काही शिरले की नाही हे आम्हांला निश्चित कळलेले नाही. परीक्षेवरून ते कळते असे म्हणणाऱ्याने उत्तरपत्रिका तपासलेल्या नसाव्यात. येथे मात्र निकाल निमिषार्धात लागतो, आणि त्याविरुद्ध फेरतपासणीचा अर्ज करता येत नाही. शिवाय या विद्येचे सूत्र आम्हांला फार आवडले. पुतण्या म्हणाला, “काका, नजर तबकडीवर ठेवा, पण नळी तिच्या पुढे चालू द्या, आणि बार उडाल्यावरही हात थांबवू नका. हात थांबला की छर्रे मागे पडतात.” एवढ्या थोड्या शब्दांत इतका उपयुक्त उपदेश आम्ही पदवीदान समारंभातही ऐकलेला नाही.

डहाणूस परतल्यावर या खेळाविषयी जे मिळेल ते आम्ही वाचून काढले. मध्यमवर्गीय माणसाला कोणत्याही सुखाचा उपभोग घेण्यापूर्वी ते सुख निष्पाप आहे असे सिद्ध करावे लागते. आम्हांला त्याचे पुरावे भराभर मिळाले. प्रारंभी हा खेळ जिवंत कबुतरांवर खेळला जात असे. पिंजऱ्याची दोरी ओढली की कबूतर सुटे आणि नेमबाज ते पाडी. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकच्या वेळीसुद्धा जिवंत कबुतरांवरच्या स्पर्धा झाल्या. पुढे कबुतराच्या जागी काचेचे गोळे आले, आणि १८८० साली सिनसिनाटी येथील जॉर्ज लिगोव्स्की याने भाजलेल्या मातीच्या तबकडीचे पेटंट घेतले. मुले पाण्याच्या पृष्ठावरून शिंपले टप्पे घेत फेकीत होती, ती पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. त्याची माती इतकी कडक निघे की छर्रे लागूनही तबकडी फुटत नसे. म्हणून आजच्या तबकडीत माती मुळीच नसते. डांबरी राळ आणि चुनखडीची भुकटी यांची ती सुमारे एकशे पाच ग्रॅम वजनाची बशी असते. नावात माती राहिली, पण वस्तूत माती नाही आणि कबूतरही नाही. हिंसेचा एवढा निर्मळ अवशेष दुसऱ्या कोणत्या खेळात सापडेल?

आपल्या देशातही या खेळाची परंपरा मोठी प्रतिष्ठित निघाली. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. खादीच्या टोपीतला हा मराठी गृहस्थ नेमबाजांचा अग्रणी होता, हे वाचून आमच्या मनावरचे अर्धे ओझे उतरले. बिकानेरचे महाराज कर्णीसिंह यांनी १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत तबकड्यांच्या नेमबाजीत रौप्यपदक मिळविले, आणि २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी याच विद्येच्या एका प्रकारात रौप्यपदक आणले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न निकालात काढलाच होता. तेव्हा बंदूक हाती धरावयाची आणि तरीही कोणाचे वाईट करावयाचे नाही, असा हा एकच मार्ग उरला आहे, असे आम्ही स्वतःला आणि नंतर घरात पटवून दिले. घरातून उत्तर आले, “अहो, बशाच फोडायच्या तर आपल्या मोरीत रोज फुटतात.” आम्ही हे उत्तर संमती म्हणून स्वीकारले.

परवान्याची कथा लांबवीत नाही. अर्ज, पोलिसांची चौकशी, शरीर व मन धड असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण, आणि ते कुलपात ठेवण्याची हमी, एवढे सगळे करून पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून परवाना हाती आला. आता बंदूक कोठून आणावी? परदेशातून बंदूक आणण्याची सवलत नामांकित नेमबाजांपुरती आहे; पंचवीसांत तीन फोडणाऱ्याला नामांकित म्हणता येत नाही. म्हणून आमच्यासारख्याने देशी बनावटीची घ्यावी, किंवा एखाद्या जुन्या घराण्यातून बाहेर पडणारी विलायती बंदूक मिळते का पाहावे. इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक या दोहोंत काय निवडील हे सांगावयास नको. आणि योगायोगाने अशी एक बंदूक आमच्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर होती.

रेल्वेच्या पूर्वेस एक जुनी चिकूवाडी आहे. तिच्या मालकांच्या आजोबांजवळ तीन बंदुका होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनांऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या, तेव्हा एक त्यांनी सोडली. उरलेल्या दोहोंतली आजोबांची आवडती दुनळी बंदूकही आता त्यांना नकोशी झाली होती. मालक चाळिशीचे, हसतमुख आणि व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, “सर, डुकरांसाठी मी कुंपण घातलंय. हिचा मला काय उपयोग? नूतनीकरणाच्या खेपा मात्र होतात.” वाडीच्या बंगल्याला मोठी थोरली ओटी आहे. ओटीच्या भिंतीवर, बैठकीच्या बरोबर वर, दोन सागवानी खुंट्या होत्या. पूर्वी बंदूक तेथे टांगलेली असे. आता ती आत लोखंडी कपाटात असते. आमची दृष्टी खुंट्यांकडे गेलेली पाहून मालक उदारपणे म्हणाले, “हवं तर खुंट्याही घेऊन जा.”

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या खुंट्यांचा आम्हांला बंदुकीइतकाच मोह पडला. आमच्या बैठकीत पुस्तकांच्या कपाटावर एक रिकामी जागा आहे. तेथे त्या खुंट्या, खुंट्यांवर ती काळसर निळ्या नळ्यांची बंदूक, आणि तिच्याखाली बसून आम्ही विद्यार्थ्यांना चेकॉव्ह समजावून सांगत आहो, असे चित्र आमच्या मनश्चक्षूंपुढे उभे राहिले. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक दिसली तर पुढे ती उडालीच पाहिजे, नाही तर ती तेथे टांगूच नये, हा चेकॉव्हचा नाट्यनियम आम्ही किती वर्षे शिकवीत आलो, पण वर बोट करून दाखवावयास बंदूक कधीच नव्हती! कायद्याने ती कुलपात ठेवावी लागणार हे आम्हांस ठाऊक होते. तरी खंडेनवमीला शस्त्रपूजेपुरती का होईना, ती वर चढवता येईल, अशी तडजोड आम्ही मनातल्या मनात करून टाकली.

खाजगी विक्रीला कायद्याने एक सुरेख अट घातली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे, परवानाधारकाने आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकास विकण्याचा बेत जिल्हादंडाधिकाऱ्यांस किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावा लागतो. आणि कळविल्यावर निदान पंचेचाळीस दिवस गेल्याखेरीज बंदूक हातची सोडता येत नाही. लग्न ठरल्यावर मुहूर्तापर्यंत वधूवरांना जो अवधी मिळतो, तसाच हा. विवाहात हा काळ बहुधा खरेदीत जातो. आमच्या बाबतीत तो चौकशीत गेला. मालकांनी पत्र दिले, आणि दुसऱ्याच आठवड्यात पुतण्या दिल्लीहून बंदूक पाहावयास आला.

जुनी बंदूक कशी पारखावी हे त्या दिवशी आम्ही शिकलो, आणि वाचकांपैकी कोणास कधी प्रसंग पडलाच तर उपयोगी पडावे म्हणून येथे नमूद करतो. पुतण्याने प्रथम नळ्या खाली झुकवून दोन्ही घरे रिकामी असल्याची खात्री केली; मालकांनी रिकामी आहे असे सांगितल्यावरही केली. नंतर नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरल्या आणि आतून पाहिले. निरोगी नळीत उजेडाची वर्तुळे अखंड दिसतात. पोचा असेल तेथे त्यांत सावली पडते, आणि गंजाने खाल्ले असेल तेथे बारीक खड्डे दिसतात. बाहेरून त्याने दोन बोटे नळीच्या टोकापर्यंत हळूहळू फिरविली, कारण फुगवटा डोळ्यांना दिसण्यापूर्वी बोटांना कळतो. मग नळ्यांची जोडी बोटावर टांगून तिच्यावर नखाने टिचकी मारली. घंटेसारखा नाद निघाला, म्हणजे दोन नळ्यांमधला सांधा शाबूत होता. नळ्या पुन्हा जोडून, त्यांखालचा लाकडी भाग मात्र बाजूला ठेवून, त्याने बंदूक हालवून पाहिली. बिजागरी झिजली असेल तर येथे खडखड ऐकू येते. ती आली नाही. दस्त्याची मान जेथे बारीक होते तेथे लाकडाला चीर नाही, हे त्याने भिंग लावून पाहिले. नळ्यांच्या पोटाशी बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे ठसे होते. आम्ही मनात पेढे वाटावयास सुरुवात केली.

मग त्याने बंदूक आमच्या खांद्याला लावून पाहिली आणि मान हालविली. बंदूक म्हणजे चपलेसारखी असते. ती दुसऱ्याच्या मापाची असली की चालता येते, पण धावता येत नाही. आजोबा आमच्याहून उंच असावेत. दस्ता आम्हांला लांब पडत होता, आणि गाल त्यावर टेकवला की डोळा नळ्यांच्या रेषेत न येता बाजूला जात होता. शिवाय दोन्ही नळ्यांची तोंडे चांगलीच आवळलेली होती, म्हणजे छर्रे दूरवर एकवटून जावेत अशी तिची रचना होती. हे दोष सुधारता येण्याजोगे होते. तिसरा मात्र तसा नव्हता. काडतूस जेथे बसते त्या घराची लांबी पुतण्याने मापली. ती पासष्ट मिलिमीटर भरली. आज या खेळाची काडतुसे सामान्यतः सत्तर मिलिमीटरांची असतात. आम्ही म्हणालो, “पण सत्तराचे काडतूस आत बसते तर आहे!” पुतण्या म्हणाला, “काका, तेच तर फसवं आहे. काडतुसावर लिहिलेली लांबी ते उडाल्यानंतरची असते. उडण्यापूर्वी त्याचे तोंड मुडपलेले असते, म्हणून ते आखूड घरातही सुखाने बसते. उडताना तोंड उघडते, त्याला जागा नसते, आणि नळीतला दाब वाढतो. बसते म्हणून चालते असे नाही.” मुंबईच्या एका जाणत्या बंदूकसाजास दाखवूनच काय ते ठरवावे, असे ठरले. मालक परवान्यासह बंदूक घेऊन त्याच्याकडे जाणार होते.

उत्तर येईपर्यंत आम्ही दोन-तीनदा वाडीवर गेलो. अशाच एका संध्याकाळी ओटीच्या पायरीवर एक म्हातारा बसलेला दिसला. वाडीमागच्या पाड्यावर राहणारा वारली; वय पंच्याऐंशीच्या आसपास. त्याचा बाप याच वाडीत राबला, तो स्वतः राबला, आणि आता नातू ट्रॅक्टर चालवितो. मालक आत फोनवर बोलत होते. आमच्या मनात बंदुकीवाचून विषय नव्हता. तिच्या पराक्रमाची एखादी गोष्ट ऐकावयास मिळाली तर बैठकीत सांगता येईल, अशा लोभाने आम्ही विचारले, “बाबा, या ओटीवरच्या बंदुकीने कधी वाघबिघ मारला होता का हो?”

म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिले नाही. त्याने खुंट्यांकडे पाहिले. त्याची बोली आम्हांला जशीच्या तशी उतरवून घेता आली नाही. पण आशय असा होता. वाघ मारलेला त्याने पाहिला नाही. माणूसही कधी मारला नाही. म्हाताऱ्या शेठने ती उडविलेली त्याला एकदोनदाच आठवत होती, आणि तीही वटवाघळांवर. आम्ही जरा हिरमुसलो. मग तो म्हणाला, “उडवायची गरज नव्हती, मास्तर. शेठ ती काढून पुसायचा. इथेच, ओटीवर बसून. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. बाप घरी येऊन सांगायचा, आज बंदूक पुसली. उद्या वेठीला जायचं.”

एवढे बोलून तो उठला आणि नातवाच्या ट्रॅक्टरकडे गेला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. आमच्याकडे भाद्रपदात आकाश पाहून पावसाचा अंदाज सांगावा, तितक्या सहजपणे त्याने ते सांगितले.

डहाणू-तलासरीच्या माणसाला वेठ म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागू नये. पण आमच्यासारखे नोकरीनिमित्त आलेले लोक ते पुस्तकातूनच शिकतात. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते आमच्या त्याच कपाटात आहे, ज्यावर आम्ही बंदूक टांगणार होतो. लग्नासाठी थोडे कर्ज काढून पत्नीसह जन्मभर सावकाराकडे राबणारे लग्नगडी, हाक येताच स्वतःचे शेत सोडून बिनमजुरीने जावे लागणारी वेठ, १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे भरलेली वारल्यांची परिषद, आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी केलेला गोळीबार, ज्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मरण पावले, हे सर्व आम्ही वाचलेले होते. वाचून हळहळलोही होतो. परंतु त्या हळहळीचा आणि आमच्या खरेदीचा काही संबंध असेल, हे एका म्हाताऱ्याने खुंट्यांकडे पाहीपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते.

त्या रात्री आम्हांला दुसरीही एक गोष्ट आठवली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी हिंदी जनतेस निःशस्त्र केले, याविषयी आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील सुशिक्षितांनी किती लिहिले आणि किती ठराव केले! शस्त्र हाती नसल्याने राष्ट्राचे पौरुष खचते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो आम्हांला लहानपणापासून पाठ आहे, आणि खरे सांगावयाचे तर परवान्याचा अर्ज भरताना तो आमच्या कानांत गुणगुणतही होता. पण ज्या काळी कायदा सर्वांस निःशस्त्र करीत होता असे आपण म्हणतो, त्याच काळी या ओटीवर बंदूक होती. परवाना होता, म्हणजे ती कायदेशीरच होती. निःशस्त्र होता तो पायरीवर उभा राहणारा. त्याच्या हाती विळा असे, आणि तोही दुसऱ्याचे गवत कापण्यासाठी. आमच्या पूर्वजांच्या लेखांत हा पायरीवरचा मनुष्य कोठेच आढळत नाही. आमच्याही अर्जात तो नव्हता.

आणि चेकॉव्ह? भिंतीवरची बंदूक उडालीच पाहिजे, हा नियम रंगभूमीवर खरा असेल. या ओटीवर तीनही अंक झाले, पडदा पडला, आणि बंदूक उडाली नाही. तरीही सगळे नाटक तिनेच चालविले होते. किंबहुना ती उडाली नाही म्हणूनच तिचे सामर्थ्य संपले नाही. उडालेल्या बंदुकीत काडतूस उरत नाही, टांगलेल्या बंदुकीत ते आहे की नाही हे पायरीवरून कळत नाही. तबकड्या फोडण्याने आमच्या हातून कोणाचे वाईट होणार नव्हते, हे खरेच. आणि एका अर्थी त्या बंदुकीला अखेर निरपराध काम मिळाले असते, असाही पक्ष मांडता येईल. आम्ही तो स्वतःपुढे मांडून पाहिला. परंतु आम्हांला हवी होती ती केवळ तबकड्या फोडणारी बंदूक नव्हती. तसे असते तर दस्ता आखूड, घर सत्तराचे, एकावर एक नळ्या असलेली साधीसुधी बंदूक शोधण्यास आम्ही निघालो असतो. आम्हांला ती खुंट्यांसकट हवी होती. बैठकीत शिरणाऱ्याची दृष्टी तिच्यावर जावी, हे आम्हांला हवे होते. खांद्याची इच्छा तुघलकाबादेस उत्पन्न झाली असेल. भिंतीची इच्छा त्याहून जुनी, आणि ती आजोबांच्या इच्छेपेक्षा फारशी वेगळी नव्हती. फरक इतकाच की त्यांना गडी घाबरावयास हवे होते, आम्हांला विद्यार्थ्यांनी थक्क व्हावयास हवे होते.

दोन दिवसांनी बंदूकसाजाचे मत आले. नळ्यांच्या भिंती पातळ, म्हणून घर वाढविण्यात अर्थ नाही. आखूड काडतुसे शोधून जपून वापरावी, अथवा नाद सोडावा. पंचेचाळीस दिवसांपैकी तेव्हा सहा दिवस उरले होते. आम्ही मालकांस नकार कळविला. कारण म्हणून घराची लांबी सांगितली, आणि मित्रांनाही तेच सांगत आलो. पाच मिलिमीटरांसाठी प्राध्यापकाने बंदूक सोडली, ही गोष्ट सर्वांस आमच्या स्वभावाला धरून वाटते, त्यामुळे कोणी अधिक विचारीत नाही. पण बंदूकसाजाने ती निर्दोष ठरविली असती तर आम्ही काय केले असते? नकार दिला असता असे आम्हांला वाटते. मात्र वाटणे आणि करणे यांत किती अंतर असते हे तबकडीने आम्हांस शिकविले आहे. म्हणून त्या पाच मिलिमीटरांचे आम्ही मनापासून आभार मानतो.

परवाना अद्याप आमच्याजवळ आहे, पण दुसरी बंदूक आम्ही शोधली नाही. दिल्लीस गेलो की पुतण्याबरोबर तुघलकाबादेस जातो, तेथल्याच बंदुकीने एक फेरी झाडतो, आणि ती तेथेच ठेवून येतो. गेल्या खेपेस पंचवीसांत नऊ फुटल्या. यंत्रातून तडकलेली त्यांत एकही नव्हती.

वाडीच्या मालकांनी ती बंदूक पुढे मुंबईच्या एका परवानाधारक विक्रेत्यास देऊन टाकली. परवा सत्यनारायणाच्या प्रसादाला त्यांच्याकडे गेलो होतो. खुंट्या अजून जागच्या जागी आहेत. हल्ली त्यांच्यावर छत्री टांगलेली असते. म्हातारा पायरीवर बसला होता. प्रसाद घेताना त्याने एकदा भिंतीकडे पाहिले, छत्रीच आहे अशी खात्री करून घेतली, आणि मग द्रोण हातात घेतला.